कोसिमाने बघायचं नाही

"कोसिमा येणार नाही," भाजलेल्या पास्त्याच्या थाळ्यातला सगळ्यात खरपूस कोपरा आपल्या ताटात ओढत दामियानो म्हणाला. "झालं. विषय संपला. चीज इकडे द्या."

सासऱ्याने विषय संपला म्हटलं की सेमेरारोंच्या घरात तो खरा सुरू व्हायचा, हे कोसिमाला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. तिने चीज दिलं.

तिची नणंद तितीना मात्र काट्याला पास्ता तसाच लटकत ठेवून सुरू झाली. "वहिनी, मनाला लावून घेऊ नकोस हं. तू सोन्यासारखी बाई आहेस. पण तू मैदानात गेलीस की काय होतं ते आपण बघितलंय ना?"

"दोनदा," दामियानो म्हणाला.

"दोनदाच की!" तितीनाचा नवरा ओरोंत्सो म्हणाला. हा गडी कायमचा कोसिमाच्या पक्षात, कारण तिच्या हातचे चीज भरून तळलेले पांत्सेरोत्ती त्याला बायकोपेक्षा प्रिय होते आणि हे तो बायकोसमोरही सांगायचा. "दोनदा म्हणजे योगायोग. तिसऱ्यांदा झालं तर मीसुद्धा मानेन."

"तिसऱ्यांदा करून बघायचंय तुला? माझ्या नातवावर? आजच्या दिवशी?"

आजचा दिवस होताच तसा. काल दुपारपर्यंत कोसिमाचा मुलगा एजिदियो म्हणजे तोरेकुपा गावाच्या फुटबॉल संघात बाकावर बसून इतरांना पाण्याच्या बाटल्या देणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. संध्याकाळी संघाच्या जुन्या बचावपटूला ताप भरला आणि प्रशिक्षकाने एजिदियोला सांगितलं, उद्या सुरुवातीपासून तू. बातमी घरात आली तेव्हा तितीनाने अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरच्या बाईने अग्निशामक दलाला फोन लावायला घेतला. दामियानोने लगेच सगळ्यांना गप्प केलं, कारण आधीच आनंद केला की काम फिसकटलंच. तेव्हापासून सगळं घर आतल्या आत उकळत होतं आणि चेहरे मात्र सुतकात असल्यासारखे ठेवून फिरत होतं. "तो आज खेळणार" असं कुणी म्हणायचं नाही. "तो आज जरा तिकडे आहे" असं म्हणायचं, आणि म्हणून झालं की दृष्ट लागू नये म्हणून उठून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून यायचं. जेवणात निम्मा वेळ लोक खिडकीपाशीच उभे होते.

"आणि त्यातून तो नंबर," दामियानो म्हणाला आणि सगळ्यांचे हात गजाकडे गेले. नंबर सतरा. अपशकुनी, थडग्यावर शोभावा असा आकडा. मोसमाच्या सुरुवातीला दुसऱ्या कुणी घेतला नाही म्हणून नव्या पोराच्या गळ्यात पडला होता. "पाठीवर सतरा आणि वर गॅलरीत कोसिमा! दोन्ही एकदम? पोराला जिवंत घरी आणायचंय की नाही?"

"म्हणजे मी पांढऱ्या पायाची, असंच ना बाबा?" शेवटी कोसिमाच्या तोंडून गेलंच.

"मी असं म्हटलं? कुणी ऐकलं का मी असं म्हटलेलं? वीतो, मी असं म्हटलं?"

वीतो, म्हणजे कोसिमाचा नवरा, खलाश्यांच्या बोटींची इंजिनं उघडून परत जोडायचा, पण बाप आणि बायको यांच्यामध्ये बसला की त्याला साधी बाटली उघडता येत नसे. "बाबा म्हणतात तेही..." तो म्हणाला. "आणि कोसिमाचंही तसं..."

"म्हणजे काय?" दोघं एकदम ओरडली.

"म्हणजे पास्ता झकास झालाय."

ओरोंत्सो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तितीनाने त्याच्या पाठीत गरजेपेक्षा जास्त जोराने धपाटे घातले.

कोसिमाही हसली. पण आत कुठेतरी टोचत होतं, आणि ते या लोकांमुळे नव्हे. यांच्याशी ती भांडू शकली असती. मे महिन्यातल्या त्या ज्युनियरांच्या अंतिम सामन्याला ती नवा झगा घालून गेली आणि एजिदियोने कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने आपल्याच जाळ्यात घातला. ऑगस्टमधल्या सरावाच्या सामन्याला ती जुना झगा घालून गेली आणि तो खेळ सुरू होतो न होतो तोच खांद्यावर पडला. खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून घरात कायदा झाला: कोसिमाने बघायचं नाही. हळूहळू तो गल्लीचा कायदा झाला आणि मग गावाचा. मासळीबाजारातला माणूससुद्धा तिला शिंपले तोलून देताना म्हणायचा, "रविवारी घरीच ना, सिन्योरा?" हे सगळं तिने हसण्यावारी नेलं होतं. पण आज सकाळी संघाच्या हॉटेलातून एजिदियोचा फोन आला, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आई... तू आज घरीच आहेस ना?"

पोटच्या पोराने विचारलं होतं. "हो रे, कपडे धुवायचेत," असं ती म्हणाली, फोन ठेवला आणि न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून खूप रडली. जगातल्या कुणालाही तिचा पोरगा बघायची मोकळीक होती. तिकीट काढलेल्या प्रत्येक उपऱ्याला होती. फक्त तिला नव्हती.

"भांडू नका," ती म्हणाली. "मी घरीच आहे. कपडे धुवायचेत."

तितीनाने उठून तिचे दोन्ही गाल चुंबले. मग निघायची गडबड उडाली. ओरोंत्सोने मोसमभर न धुतलेला मफलर गळ्यात घातला आणि खोलीत त्याचा वास पसरला. तितीनाने जांभळी, म्हणजे अपशकुनी रंगाची, पर्स आणलेली दामियानोने बघितली, तेव्हा ती उघडून, आतलं सामान पिशवीत ओतून, पर्स सरळ बाल्कनीत फेकण्यात आली. वीतो दाराशी दोनदा घुटमळला, बायकोकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण "उजवा पाय आधी!" अशी बापाची आरोळी आली आणि तो उजवा पाय टाकून निघून गेला.

दामियानो स्वतः मागे राहिला. डॉक्टरने त्याच्या छातीला सामन्याची मनाई केली होती. तो मात्र सांगायचा की कोसिमावर नजर ठेवायला राहिलोय. त्याने टीव्हीची वायर काढून खिशात घातली, स्वयंपाकघरात खुर्ची ओढली आणि पहारेकऱ्यासारखा बसला.

मैदान दोन गल्ल्या पलीकडे. कोसिमाने खिडकी सताड उघडली आणि नळाखाली भांडी घेतली.

"खिडकी कशाला?"

"वाफ जायला."

भांडी थंड होती. दामियानोला ते दिसत होतं.

लोकांना वाटायचं की कोसिमा सामना बघत नाही. बघत नव्हतीच, पण हे सहा महिने ती या खिडकीत उभी राहून मैदान ऐकत होती, आणि आता तिला त्यातलं सगळं कळायचं. गर्दी हळूहळू चढत गेली की आपले लोक पुढे चाललेत. "ओऽऽ" करून खाली बसली की चेंडू खांबावरून गेला. शिट्ट्या आल्या की पंचाचं काही खरं नाही. आघाडीवरच्या पोरांच्या आया सुखी होत्या, त्यांच्या पोरांच्या नावाने गाव कोकलायचं. बचावपटूचं काम झालं की आवाज बंद होतो. समोरचा धावत येतो, लोकांचा श्वास अडकतो, पोरगा चेंडू काढून घेतो आणि लोक पुन्हा आपल्या गप्पांना लागतात. आज पहिल्यांदाच त्या आवाजात तिचा पोरगा होता, आणि मैदान जितक्या वेळा अडकून मोकळं झालं तितक्या वेळा हात साबणात तसेच ठेवून ती मनात म्हणाली, माझा. हा माझा. हाही माझाच.

मग एकदा श्वास अडकला आणि मोकळा झालाच नाही. मैदान ठार गप्प. फक्त लांब एका कोपऱ्यातून पाहुण्यांचा थोडासा गलका आला.

कोसिमाने वळून बघितलं तर दामियानोचा चेहरा लिंबासारखा पिवळा पडला होता.

"कुणामुळे झाला?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी काही ऐकत नाहीये."

"बाबा, तुमच्या कानात काय आहे?"

"कापूस. वारा लागतो."

"कापसाला वायर कधीपासून फुटली?"

दामियानोने वायर शर्टात कोंबली. त्याच्याच्याने राहवेना. "त्याच्यामुळे नाही गं," तो एकदम म्हणाला. "गोलरक्षकाच्या हातून सुटला, त्या लोण्याच्या बोटांच्या. आपला पोरगा तर... अगं, रेडिओवाला दोनदा म्हणाला, सेमेरारो. 'शांत डोक्याचा सेमेरारो' म्हणाला! आमच्या घराण्यात शांत डोकं! हे तुझ्याकडून आलं असणार."

सासऱ्याने तिला चांगलं काही म्हटल्याला कितीतरी वर्षं झाली होती. कोसिमाने ओल्या हातांनीच डोळे पुसले आणि साबण डोळ्यांत गेला.

मध्यंतर झालं, दुसरा भाग सुरू झाला, आणि फोन वाजला. तितीना. मागून इतका गोंगाट की ती फोनवर ओरडत होती की थेट खिडकीतून, ते कळत नव्हतं.

"वहिनी, ताबडतोब ये!"

"काय झालं? लागलं का त्याला?"

"त्याला काही नाही, आपण हरतोय! अगं, मी विचार केला. आपलं सगळं उलटं झालंय. दोनदा तू होतीस तेव्हा वाईट झालं, बरोबर? पण आज तू नाहीस आणि तरी वाईट होतंय! म्हणजे दोष तुझा नव्हताच. आज तर तू नाहीस हाच दोष आहे!"

"दे इकडे तो फोन!" ओरोंत्सोचा आवाज. "वहिनी, नको! पाया पडतो, नको! एक गोल खाल्लाय, तेवढाच राहू दे!"

"अहो, जेवताना तुम्ही हिच्या बाजूने होतात ना?"

"जेवताना आपण हरत नव्हतो!"

"मी येणार नाही," कोसिमा म्हणाली. तिच्या आवाजाने ती दोघंही गप्प झाली. "तुमच्यासाठी नाही. त्यानेच सकाळी मला घरी राहायला सांगितलंय."

तितीना हळू बोलली, जन्मात कधी बोलली नव्हती इतकी हळू. "वहिनी, सामन्याआधी मैदानावर आला ना, तेव्हा तो आमच्या रांगेकडे बघत होता. एकेकाचं तोंड बघत होता गं. मग पुन्हा बघितलं. तो तुला शोधत होता."

कोसिमाने नळ बंद केला. ती फोन ठेवून मागे वळली, तर सासरा दारात कोट चढवत होता. एक बाही उलटी.

"तुम्ही कुठे?"

"तुला एकटीला कसं सोडू? माझी नजर आहे ना तुझ्यावर."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"तो पाहुण्यांच्या गावचा आहे," दामियानो म्हणाला. "चल!"

रविवारच्या दुपारी तोरेकुपात एक बाई एप्रनमध्ये, पायात घरच्या सपाता, हाताला साबण, आणि तिच्यामागे उलट्या कोटातला एक म्हातारा "हळू गं, हळू, नाही नाही, पळ!" करत धावत होता. बाल्कन्यांमधून लोक विचारत होते, आग कुठे लागली?

फाटकावर मिम्मो होता, त्यांच्याच गल्लीतला. त्याने कोसिमाला बघितलं आणि दोन्ही हात आडवे केले.

"सिन्योरा, तुम्ही नाही. दुसरं कुणीही चालेल. माझ्या घरावर दगड पडतील हो!"

"मिम्मो, तो माझा मुलगा आहे."

"म्हणूनच ना!"

"ए गाढवा," दामियानो धापा टाकत म्हणाला. "हरतोयस की जिंकतोयस?"

"हरतोय."

"मग हिच्यामुळे आणखी काय हरशील? बघून तर घे! शेवटी शेवटी तुम्ही फाटक सगळ्यांनाच उघडता ना? मग आज जरा आधी उघड!"

मिम्मोने विचार केला. मग एका हाताने फाटकाच्या लोखंडी कडीला घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने ते उघडलं आणि स्वतः डोळे मिटून घेतले. "मी कुणाला बघितलं नाही," तो म्हणाला.

पायऱ्यांवरून ती वर आली आणि हिरवंगार मैदान एकदम अंगावर आलं. आपल्या रांगेपर्यंत पोचेतो बातमी तिच्या पुढे पोचली होती. लोक वळून बघत होते आणि बसल्या जागी खुर्च्यांचे लोखंडी पाय धरत होते. ओरोंत्सोने मफलर तोंडावर ओढून घेतला. वीतो उठला. त्याने आपली जागा तिला दिली, तिचा ओला हात दोन्ही हातांत धरला, आणि बाप बघतोय हे बघूनही सोडला नाही.

"कुठाय?" तिने विचारलं.

"तो काय."

सतरा नंबर. केस कपाळाला चिकटलेले, गुडघ्यापर्यंत माती. तिला वाटलं, हा केव्हा एवढा उंच झाला? घरात दारातून वाकून येतो तेव्हा तो तिला नुसता ओबडधोबड वाटायचा. इथे मात्र तो हात वर करून आपल्याहून दहा-दहा वर्षांनी मोठ्या माणसांना सांगत होता, तू इकडे, तू मागे, आणि ती माणसं ऐकत होती! ती तोंडावर हात धरून हसायला लागली. घरात याचं मांजरसुद्धा ऐकत नव्हतं.

तिने श्वास रोखून वाट बघितली, आता काहीतरी वाईट होणार. काही झालं नाही. चेंडू आला, त्याने डोक्याने परतवला. पुन्हा आला, त्याने पायाने काढला, आणि साधाच, आपल्या माणसाकडे दिला. त्या माणसाने पुढे लांब मारला, तिकडे काहीतरी गोंधळ झाला, आणि पुढच्या क्षणी सगळं मैदान उभं! गोल! बरोबरी! तितीना कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडत होती, दामियानो "छाती! माझी छाती!" असं ओरडत नाचत होता, आणि ओरोंत्सो कोसिमाच्या पायाशी गुडघे टेकून तिच्या सपातांचे मुके घेत होता. "वहिनी, मी म्हणालोच होतो! जेवतानाच म्हणालो होतो!"

आणि अगदी शेवटी पाहुण्यांचा एक गडी सुटला. एकटा. मध्ये कुणी नाही, फक्त गोलरक्षक, तोच लोण्याच्या बोटांचा. बाजूने एजिदियो धावत होता आणि मागे पडत होता.

मैदानाचा श्वास अडकला. ही शांतता तिला पाठ होती. खिडकीत ऐकलेली. पण बघायला ती किती भयंकर होती, हे तिला कुठे ठाऊक होतं! तिने वीतोच्या हातात नखं रुतवली.

एजिदियो घसरला. मातीचा फवारा उडाला, पाय लांबच लांब गेला, आणि चेंडू, फक्त चेंडू, रेषेबाहेर. माणसाला धक्कासुद्धा नाही. पंच शिट्टी तोंडात धरून नुसता उभा. मग गाव असं काही कोकललं की कोसिमाला आपलीच किंकाळी ऐकू आली नाही. बचावपटूच्या नावाने! "से-मे-रा-रो!"

सामना बरोबरीत सुटला आणि सेमेरारो कुटुंब विश्वचषक जिंकल्यासारखं कठड्याशी धावलं. तिथेच पुढच्या रविवारची बैठक बसली.

"वहिनी हाच एप्रन घालून येणार."

"न धुता!"

"आणि सुरुवातीपासून नाही हं, आधी घरी भांडी घासायची, मग पळत यायचं."

"मागून बाबांनी, कोट उलटा."

"पर्स बाल्कनीतच राहू दे," वीतो म्हणाला, आणि बापाने त्याच्याकडे अभिमानाने बघितलं.

एवढ्यात चिखलाने माखलेला एजिदियो धापा टाकत कठड्यापाशी आला. हसत आला आणि कोसिमाला बघून जागच्या जागी थांबला.

"आई? तू कधी आलीस?"

कोसिमाने तितीनाकडे बघितलं.

"अरे, असं काय करतोस," तितीना म्हणाली, "तू तर सुरुवातीला हिला शोध..."

"मी? कधी?"

तितीनाला अचानक आकाशात काहीतरी दिसलं.

"तूच विचारलंस ना सकाळी," कोसिमा म्हणाली. तिचा आवाज तिला नको होता तेवढा बारीक निघाला. "घरीच आहेस ना, म्हणून. मी पांढऱ्या पायाची, असं तुलाही वाटतं?"

पोरगा चिखलाखालून कानापर्यंत लाल झाला. "तसलं काही नाही गं आई! ते सगळं आजोबांचं खूळ. त्यांना सांगू नकोस हां."

"मी इथेच उभा आहे," दामियानो म्हणाला.

"तू आलीस की मी तुझ्याकडेच बघतो," एजिदियो म्हणाला. आता तो कठड्यातून तिच्या एप्रनची कड धरून उभा होता. "मेमध्ये कॉर्नर आला ना, तेव्हा मी वर बघत होतो, तू बघतेयस का म्हणून. चेंडू डोक्यावर आदळला तेव्हा कळलं. आणि खांदा मोडला तेव्हाही तेच. कुणाला सांगणार? म्हणतील, आईकडे बघत होता. मग आजोबा म्हणाले तुझी नजर वाईट, आणि मी... मी गप्प राहिलो."

कोसिमा त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासून तिला टोचणारं ते हे होतं तर.

"आणि आज?" तिने विचारलं. "आज किती वेळा बघितलंस?"

एजिदियोने खरोखर आठवून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आश्चर्य पसरत गेलं, पहिल्यांदा हात सोडून सायकल चालवली होती त्या दिवसासारखं.

"आज तू दिसलीच नाहीस, आई," तो म्हणाला. "एकदाही नाही. मला चेंडूशिवाय काही दिसतच नव्हतं."

किती आनंदात सांगत होता! तिला रडू आलं आणि त्याच क्षणी इतकं हसू आलं की एकातून दुसरं वेगळं करता येईना. तिने कठड्यावरून वाकून त्याचं चिखलाचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"मग पुढच्या रविवारीही बघू नकोस," कोसिमा म्हणाली. "मी आहे बघायला."